सतरा ज्वेल्स, खडे मात्र चौदा

आईच्या लग्नात तिच्या मामांनी एडनहून आणलेलं लेडीज घड्याळ कित्येक वर्षं कपाटात बंद पडून होतं. नखाएवढी डायल, दोन्ही बाजूंना पांढरे खडे, त्यातला एक गळलेला. डायलवर बारीक अक्षरांत '१७ ज्वेल्स'. लहानपणी मी खडे मोजायचे. गळलेल्याची जागा धरूनही चौदाच भरायचे. उरलेले तीन कुणीतरी लांबवले, हा माझा पक्का समज.

आधी सराफ बाजार गाठला. सराफांनी केस कसोटीवर घासून पाहिली. "मुलामा आहे. खडे काचेचे." चला, विकायचा मोह तरी मिटला! मग एका चकचकीत दुकानात गेले. "आतली मशीन काढून सेलची टाकू, आठशे रुपये." मी हो म्हणणारच होते. जुनी मशीन परत द्याल ना, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा हसला. घड्याळ उचललं नि बाहेर पडले.

शेवटी नाशिकच्या भद्रकालीत टपरीवजा दुकानात बसणारे एक काका सापडले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उचकटलं. "ताई, टेबलाला हात नको. एक स्क्रू उडाला तर दोघांनाही संध्याकाळपर्यंत झाडू मारत बसावं लागेल."

मशीन जेमतेम १५ मिलिमीटरची. भिंगातून पाहिलं, तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, मधोमध डाळिंबी ठिपका चमकत होता. तो ज्वेल! काकांनी पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला: बॅलन्सचे पाच, पॅलेटचे (चाकाला अडवून सोडणाऱ्या चिमुकल्या काट्याचे) चार, पुढच्या चार चाकांचे प्रत्येकी दोन. सतरा. बाहेरच्या खड्यांशी काही संबंध नाही. चाकांचे केसासारखे आस धातूत फिरले तर भोक झिजतं. माणिक झिजत नाही, तेलही धरून ठेवतं. माणिक म्हटल्यावर माझे डोळे चमकलेले पाहून ते म्हणाले, "कारखान्यातलं आहे हो." व्हर्नोय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळांत तेच.

तेलाचा डिंक झाला होता आणि एका ज्वेलला तडा गेला होता. तसाच ठेवला तर तो आस खाऊन टाकतो. त्याच मशीनचं दुसरं मेलेलं घड्याळ मिळेपर्यंत सात आठवडे गेले. मी दर शनिवारी चक्कर मारायचे; काका न विचारताच मान हलवायचे.

एका शनिवारी हलवली नाही. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुऊन काचेखाली मांडलेले. चिमट्याने त्यांनी बॅलन्स अलगद सोडला, एक हलकी फुंकर, आणि ते सुरू झालं. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला ४,३२,००० होतात म्हणे. बिल १,८०० रुपये. शिवाय तंबी: "रोज सकाळी चावी द्यायची. बॅलन्स एवढासा, दिवसाला दोन मिनिटं इकडेतिकडे होणार. भांडायला यायचं नाही."

गळलेला खडा सराफ बाजारातल्या जडाईवाल्याकडून बसवून घेतला. तो बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच चमकतो. आईने घड्याळ आधी कानाला लावलं, मग डोळ्यांजवळ धरलं नि म्हणाली, "हा नवा दिसतोय." आतलाही एक बदललाय म्हटलं, तर तिला तो आत्ताच्या आत्ता बघायचा होता.