उपाशीपोटी

कोपराखालच्या आतल्या कातडीवर हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडते त्या द्रव्याचा, एक थेंब ठेवायचा, त्यातून प्लास्टिकच्या लॅन्सेटचे टोक किंचित टोचायचे, थेंब टिपून घ्यायचा आणि पंधरा मिनिटे थांबायचे. तेवढ्यात तिथे एक फुगीर, फिकट गांधी उठते आणि तिच्याभोवती लाली पसरते. ‘अंगावर पित्त उठले’ असे आपण म्हणतो, त्याचीच ही नखाएवढी, मोजता येणारी आवृत्ती. आधी ॲलर्जीची गोळी दिलेली असेल, तर गांधी लहान येते, आणि ती किती लहान आली यावरून औषध किती पोचले याचा अंदाज करता येतो. औषधशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात माझ्या प्रबंधासाठी मी दीड वर्ष हेच केले. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या औषधाची 120 मिलिग्रॅमची गोळी एकदा 250 मिलिलिटर पाण्याबरोबर आणि आठवड्याने तेवढ्याच मोसंबीच्या रसाबरोबर द्यायची, किंवा क्रम उलटा ठेवायचा, आणि सहा तासांपर्यंत गांधी मोजायच्या.

मोसंबीच का, असे प्रत्येकाने विचारले. कॅनडातल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिले होते की ग्रेपफ्रूट, ऑरेंज किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ही गोळी घेतली तर रक्तातले तिचे प्रमाण पाण्याच्या तुलनेत 30 ते 40 टक्क्यांवर येते. त्या अभ्यासातले ‘ऑरेंज’ म्हणजे आपले नागपुरी संत्रे नव्हे. ते सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे आपल्या जालन्याची मोसंबी ज्या जातीची, तेच फळ. शिवाय त्यांनी तीन तासांत एकूण 1.2 लिटर रस पाजला होता. एवढा रस आपल्याकडे कोणी पीत नाही, एक ग्लास मात्र पुष्कळ जण पितात, आणि कित्येकदा गोळीसकट. गोळी रसाबरोबर घ्या, म्हणजे कडू लागणार नाही, असे सांगणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत.

इथे एक गोंधळ नेहमी होतो आणि तो केवळ विद्यार्थ्यांचाच होतो असे नाही. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातले सीवायपी3ए4 हे औषधे मोडणारे विकर बंद पाडतो आणि काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतो, हे बहुतेकांना पाठ असते. फेक्सोफेनाडिनची पूर्वज असलेली टरफेनाडिन या विकराअभावी साठून हृदयाचा ठोका बिघडवत असे आणि अखेर तिला बाजारातून जावे लागले. पण फेक्सोफेनाडिनचे विघटन जवळजवळ होतच नाही. तिला आतड्याच्या भिंतीतून आत नेणारी ओएटीपी नावाची वाहक प्रथिने असतात आणि फळातली काही द्रव्ये नेमकी तीच अडवतात. त्यामुळे इथे परिणाम उलटा होतो आणि औषध कमी पडते. मौखिक परीक्षेत मला हे बाह्य परीक्षकांना दोनदा समजावून सांगावे लागले.

मोजमापाविषयी मात्र मला अभिमान आहे. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत गोऱ्या हातावर गुलाबी वर्तुळ ठळक दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर लालीची कड शोधणे हे डोळे फोडून घेण्याचे काम आहे. म्हणून मी लालीवर विसंबणे सोडले. टेबललॅम्प जवळजवळ आडवा करून त्याची तिरपी सावली पाहायची, बोटाच्या टोकाने गांधीची कड चाचपायची, बारीक बॉलपेनने तिच्याभोवती रेघ ओढायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती रेघ उचलायची आणि नोंदवहीत डकवायची. पावसाळ्यात घामाने शाई फुटते, तेव्हा आधी हात कोरडा करून खोली गार होईपर्यंत थांबावे लागते. सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, यांची सरासरी हा माझा आकडा. गोळी कशाबरोबर दिली हे मला ठाऊक नसे. ते शेजारच्या खोलीतल्या सिस्टरांच्या पाकिटात बंद असे.

त्या दिवशी आलेले गृहस्थ चाळिशीचे, शाळेची व्हॅन चालवणारे, वेळेचे पक्के. त्यांची ही दुसरी फेरी होती. गोळीपूर्वीची गांधी 7 मिलिमीटर. औषधाचा जोर या सुमाराला भरात असतो, अशा तिसऱ्या तासाला 6.5. मी लॅम्प हलवून पुन्हा पाहिले, तरीही 6.5. आज रसाचा दिवस असणार, असा कौल मी मनातल्या मनात देऊन टाकला, जो मोजणाऱ्याने कधीच द्यायचा नसतो.

चौथ्या तासाला कँटीनमधून वरणभात, पोळीभाजीचे ठरलेले ताट आले. त्यांनी ते अदबीने बाजूला सारले.

“मॅडम, आज संकष्टी. चंद्रोदयानंतरच जेवेन.”

“मग दादा, सकाळपासून काहीच घेतलेले नाही?”

“छे! तुम्ही सांगितले तसा उपाशीपोटीच आलो. फक्त येताना कोपऱ्यावर दोन ग्लास मोसंबी घेतली.”

त्यांचे काहीही चुकले नव्हते. माहितीपत्रकात मी स्वतःच्या हाताने ‘रात्री दहानंतर उपाशीपोटी राहावे’ असे लिहिले होते, आणि ज्या घरात उपवासाला फळे व रस चालतात, त्या घरात वाढलेल्या माणसाने त्याचा अर्थ त्या घरातलाच लावला. मीही तशाच घरात वाढले आहे, म्हणून ही चूक मला अधिक लागली.

मार्गदर्शकांनी पाकीट उघडायला सांगितले. पाण्याचा दिवस निघाला. विभागात मग ही गोष्ट फार लाडकी झाली: पाकीट पाणी म्हणत होते आणि कातडीने रस ओळखला. मलाही दोन दिवस ती आवडली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पहिल्या फेरीचे पान काढले. ती खऱ्या रसाची फेरी होती आणि तेव्हा तिसऱ्या तासाला गांधी 5.5 पर्यंत उतरली होती. गोळीबरोबर घेतलेल्या रसापेक्षा दीड तास आधी घेतलेल्या रसाने अधिक अडवणूक करावी, हे सहजी पटणारे नाही. प्रमाणाचा फरक असेल म्हणून मी कोपऱ्यावरच्या गाडीवर गेले आणि मोजपात्राने त्याचा ग्लास मोजला. काठोकाठ 300 मिलिलिटर, त्यात बर्फ. म्हणजे दोन ग्लास धरून आमच्या मात्रेच्या जवळपास दुप्पट. दुसरीकडे, एकाच हातावर एकाच दिवशी दोनदा टोचले तरी गांधीत एवढा फरक पडू शकतो, हे मी स्वतः पुरेशा वेळा पाहिले आहे. त्यांच्या रक्ताची एक नळी शीतकपाटात असती, तर प्रश्न उरला नसता. पण रक्तातले औषध मोजण्याचा खर्च प्रबंधाच्या अनुदानात बसत नाही, असे आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगण्यात आले होते.

शेवटी ती फेरी नियमभंग म्हणून नोंदली गेली आणि मी विश्लेषण दोनदा केले, एकदा त्यांना धरून आणि एकदा वगळून. माहितीपत्रकात ‘पाण्याखेरीज काहीही नाही; चहा, दूध, फळे, रस, साबुदाणा, उपवासाचे पदार्थही नाहीत’ असे वाक्य घातले. दुरुस्ती नैतिकता समितीपुढे गेली तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “उपाशी म्हणजे उपाशी, एवढे फोडून कशाला सांगायचे?” मंजुरीला दोन बैठका लागल्या.

प्रबंध केव्हाच सादर झाला. ती चिकटपट्टी आता कडेने पिवळी पडली आहे, आतली शाईची रेघ मात्र स्वच्छ आहे. मी अजूनही अधूनमधून मोजपट्टी लावून पाहते. 6.5 च येते.