आखूड फळा

सहावीत आमच्या गटाने वर्गातला फळा मोजला आणि तो साडेनऊ सेंटिमीटरने आखूड भरला. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला सगळ्यात आधी तो फळाच आठवला. स्नेहसंमेलनं, बक्षिसं यांवर इतर लिहितीलच.

गणिताच्या बाईंची एक खोड होती. मोजायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा आणि तो नंतर खोडायचा नाही. माझा अंदाज होता दोन मीटर, तो सोडून देऊ. पाच गट केले होते. प्रत्येकाकडे कंपासपेटीतली तीस सेंटिमीटरची पट्टी. मीटरपट्टी कपाटात होती, पण बाईंनी ती मुद्दामच काढली नाही. चार गटांची मापं आली ३००, २९९, ३०१ आणि ३००. आमचं आलं २९०.५.

वर्ग हसला. मला वाटलं, बेरीज चुकली असणार. नऊ तीसं दोनशे सत्तर, वर साडेवीस. ताळा करून पाहिला, बेरीज चोख. मग हातचाही नाही आणि उसनाही नाही, तर साडेनऊ सेंटिमीटर गेले कुठे?

बाईंनी चूक सांगितली नाही. दोन पट्ट्या मागवल्या आणि टेबलावर टोकाला टोक लावून ठेवल्या. म्हणाल्या, "पहिलीचा तीस आणि दुसरीचा शून्य, यांच्यामध्ये काय आहे ते मोज." मी मोजलं. बरोबर एक सेंटिमीटर. पट्टीवर आकडे तीसच, पण दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर कोरा सोडलेला. म्हणजे प्लास्टिकचा तुकडा एकतीसचा. आम्ही खुणा करत होतो त्या पट्टीच्या कडेशी आणि हिशेब धरत होतो आकड्यांचा. नऊ वेळा पूर्ण पट्टी ठेवली, नऊ सेंटिमीटर बुडाले. शेवटच्या खेपेला सुरुवातीचा अर्धा तेवढा गेला. साडेनऊचा हिशेब असा चोख लागला की चूक झाल्याचं वाईटच वाटेना.

खरी मजा पुढच्या तासाला. बाईंनी आलेखकागद वाटले आणि त्याच पाच मापांचे दोन स्तंभालेख काढायला लावले. पहिल्यात प्रमाण १ सेंमी = ५० सेंमी, सुरुवात शून्यापासून. पाचही स्तंभ सहाच्या आसपास. आमचा जेमतेम दोन मिलिमीटरने बुटका. कुणी लांबून पाहिलं असतं तर सगळे सारखेच म्हणाला असता. दुसऱ्यात उभा अक्ष २८५ पासून सुरू, प्रमाण १ सेंमी = १ सेंमी. आता इतरांचे स्तंभ १४, १५, १६ सेंटिमीटर उंच आणि आमचा साडेपाच! मापं तीच, कागद तोच, आणि आमचा गट एकदम ढ ठरला. "मधला भाग गाळलाय हे दाखवणारी नागमोडी खूण अक्षावर कोण विसरलं?" बाईंनी विचारलं. निम्म्याहून जास्त हात वर गेले. आजही एखादा आलेख समोर आला की माझी नजर आधी अक्षाच्या तळाशी जाते.

सरासरीही काढली. पाचांची आली २९८.१, आम्हाला वगळून चौघांची बरोबर ३००. मग आम्हाला वगळायचं का, यावर भांडण जुंपलं. बाईंचं म्हणणं असं, की आकडा आवडला नाही म्हणून वगळायचा नाही, तो का चुकला हे सापडलं तरच. आमचं कारण सापडलं होतं, म्हणून आम्ही बाहेर. इतका मानाचा बहिष्कार माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

एका मुलीने विचारलं होतं, की स्तंभांऐवजी ठिपके जोडून रेघ काढली तर? बाई म्हणाल्या, "पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या मध्ये काय आहे, की ज्यावरून रेघ जाईल?" पुढे बऱ्याच वर्षांनी स्तंभालेख पहिल्यांदा वापरणाऱ्यांपैकी एक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरबद्दल वाचलं. १७८६ च्या आपल्या पुस्तकात त्याने व्यापाराच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या रेघा काढल्या होत्या; पण स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, म्हणून स्कॉटलंडचा ज्यांच्याशी व्यापार होता त्या प्रत्येक देशासाठी त्याने वेगळे स्तंभ काढले. म्हणजे त्याचीही अडचण आमच्या वर्गासारखीच, जोडायला मधलं काही नव्हतं. हे बाईंना सांगायचं राहूनच गेलं.

एक कबुली मात्र इथे देतो. खुणा पेन्सिलीने करायच्या होत्या. आमची पेन्सिल मोडली होती, म्हणून मी कर्कटकाच्या टोकाने फळ्याच्या लाकडी चौकटीवर ओरखडे काढले आणि गप्प बसलो. फळा अजून तोच असेल, तर खालच्या पट्टीवर डावीकडून एकतीस सेंटिमीटरवर पहिला ओरखडा सापडेल. पुढे तितक्याच अंतराने आणखी आठ आहेत.