एक तारखेचा हट्ट

नाशिकमध्ये घरोघरी पाणी शुद्ध करणारी यंत्रे मासिक भाड्याने देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचे हिशेब मी पाहते. आमचे ग्राहक साधारण अकराशे असून ते सिडको, सातपूर, इंदिरानगरपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत पसरलेले आहेत. बहुतेकांचे भाडे यूपीआय ऑटोपेने महिन्याच्या एक तारखेला आपोआप जमा व्हावे, अशी व्यवस्था होती. ‘व्हावे’ असे मी जाणूनबुजून लिहिते, कारण पाच तारखेला अडलेल्या भाड्यांची दोन पानी यादी माझ्या टेबलावर हमखास असे आणि आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ती घेऊन दिवसभर फोन करीत बसत.

माझी पदवी संख्याशास्त्राची असल्याने २०२५ च्या उन्हाळ्यात मी अण्णांकडे दोन वर्षांच्या नोंदी मागितल्या. प्रत्येक अपयशासोबत बँकेचे कारण येते, पण ते आजवर कोणी वाचलेच नव्हते. खात्यात शिल्लक नसणे, बँकेची यंत्रणा बंद असणे, ग्राहकाने मॅन्डेट (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची दिलेली मंजुरी) रद्द केलेले असणे, ही तीन कारणे आमच्या लेखी एकच होती, आणि सॉफ्टवेअर तिन्हींवर एकच उपाय करीत असे: दोन, तीन आणि चार तारखेला पुन्हा प्रयत्न. रद्द झालेल्या मॅन्डेटवर कितीही धडका मारल्या तरी पैसे येत नाहीत. शिवाय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेच्या एका हप्त्यासाठी पहिला प्रयत्न आणि फार तर तीन फेरप्रयत्न अशी मर्यादा घातली, त्यामुळे चार तारखेलाच आमच्या हातातली सगळी संधी संपून जाई. काही जुन्या ग्राहकांचे भाडे नॅचने, म्हणजे बँक खात्यातून थेट हप्ता कापण्याच्या पद्धतीने, येते. तिथे हप्ता परत गेला की ग्राहकाची बँक त्याच्याकडूनच दंड कापते, म्हणजे आमच्या घाईचा भुर्दंड त्याला बसत होता.

मी ठरवलेला प्रश्न साधा होता: या ग्राहकाकडून या तारखेला पैसे येण्याची शक्यता किती? जुन्या नोंदींवरून अशी शक्यता काढणाऱ्या दोन संख्याशास्त्रीय पद्धतींनी, आधी लॉजिस्टिक रिग्रेशन आणि मग ग्रेडियंट बूस्टिंगने, मॉडेल तयार केले. पहिल्या मॉडेलचे उत्तर जवळजवळ दर वेळी बरोबर येऊ लागले तेव्हा मला आनंद होण्याऐवजी शंका आली. चार दिवस शोधल्यावर दोष सापडला. ‘वसुली भेट’ नावाचा रकाना मी माहितीत ठेवला होता, आणि वसुलीची भेट भाडे अडल्यानंतरच होत असल्याने मॉडेलला प्रश्नासोबत उत्तरही मिळत होते. तो रकाना काढला आणि नोंदी सरमिसळ न करता मॉडेल जुन्या महिन्यांवर शिकवून नंतरच्या महिन्यांवर तपासले, तेव्हा अचूकता खाली आली, पण निदान खरी आकडेवारी दिसू लागली.

दुसरी अडचण अधिक खोल होती. आम्ही चार तारखेनंतर कधी प्रयत्नच केला नव्हता, त्यामुळे आठ किंवा दहा तारखेला काय होते याबद्दल मॉडेलकडे एकही नोंद नव्हती. जे कधी करून पाहिले नाही ते नोंदींतून शिकता येत नाही. म्हणून मी अण्णांना सुचवले की, शिल्लक नसल्यामुळे अडलेल्यांपैकी एक तृतीयांश ग्राहक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून त्यांचे फेरप्रयत्न दोन महिने पाच ते बारा तारखांमध्ये विखरून करावेत.

“म्हणजे बारा तारखेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?” अण्णा म्हणाले.

“अण्णा, नाहीतरी ते पैसे चार तारखेला येतच नाहीयेत.”

यावर ते काही बोलले नाहीत, आणि मी ती परवानगी समजले.

दोन महिन्यांनी जे दिसले त्याचे मला आजही थोडे हसू येते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांची भाडी आठ ते अकरा तारखांना सुरळीत येत होती. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यानुसार हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सातव्या दिवसापर्यंत आणि मोठ्या कारखान्यांना दहाव्या दिवसापर्यंत पगार देण्याची मुभा होती, आणि आम्ही मात्र पगार होण्याआधीच खात्यात हात घालीत होतो. इंदिरानगरमधील निवृत्तिवेतनधारकांना मात्र एक तारीखच सोयीची होती.

तारीख बदलणेही सोपे नव्हते. ज्यांच्या मॅन्डेटमध्ये तारीख पक्की ठरवलेली होती त्यांच्याकडून यूपीआय पिन टाकून नवे मॅन्डेट घ्यावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाला किमान २४ तास आधी सूचना गेली पाहिजे, म्हणून मॉडेलचा निर्णय त्याही आधी तयार ठेवावा लागतो.

पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांपुढे मात्र मॉडेल हरले. त्यांचा पैसा जानेवारी ते एप्रिलच्या काढणीत येतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर औषधफवारणीत जातो. त्यांना महिन्यातली कुठलीही तारीख सुचवणे निरर्थक होते. अण्णांनी त्यांच्यासाठी हंगामानंतर एकरकमी वार्षिक भाडे ठेवले, आणि हे सुचायला त्यांना यंत्राची गरज पडली नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले.

आता यादी अर्ध्या पानाची असते आणि तिच्यात बहुतेक रद्द केलेली मॅन्डेट असतात. गेल्या महिन्यात त्यातल्या एका गृहस्थांना मी स्वतः फोन केला, तेव्हा त्यांचे यंत्र दोन महिने गळत असून तक्रार कोणीच घेतली नव्हती असे कळले. ती यादी मी आता अण्णांआधी आमच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवते.