तुम्ही विचारलंत म्हणून: वेड्यांच्या इस्पितळात वारलेल्या डच पूर्वजाचा माग

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डच घराण्यांत लग्न होऊन गेलेली मराठी मंडळी हा प्रश्न बरेचदा विचारतात: "सासऱ्यांचे पणजोबा हॉलंडहून आले होते आणि कलामझूच्या वेड्यांच्या इस्पितळात वारले, एवढंच घरात माहीत आहे. तिथली फाइल कशी मिळवायची?"

फाइल मिळवा, पण सगळ्यात शेवटी. इस्पितळाच्या कागदांना तो माणूस भरती झाला त्या दिवसापासून ठाऊक असतो. गाव, शेत, लग्न, बोटीचा प्रवास, चर्चमधली माणसं यांतलं त्यांना फार थोडं माहीत असतं, आणि तेही दुसऱ्या कुणी सांगितलेलं. व्यवहाराच्या बाजूनेही तेच शहाणपणाचं आहे. नावाची सगळी रूपं, जन्मसाल, भरतीची तारीख आणि घरची काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) हाताशी नसताना केलेला अर्ज बहुतेक वेळा 'नोंद सापडली नाही' असा परत येतो.

थोडी पार्श्वभूमी. १८३४ साली नेदरलँड्समध्ये सरकारी छत्राखालच्या रिफॉर्म्ड (प्रॉटेस्टंट) चर्चमधून एक गट फुटून निघाला. त्यांना दंड झाले, तुरुंगवास झाला, आणि १८४५पासून बटाट्यावर रोग पडून उपासमार आली. १८४७मध्ये पाद्री आल्बेर्टुस फान राल्ट यांनी मिशिगनच्या पश्चिम भागात 'हॉलंड' नावाचंच गाव वसवलं. पुढे ग्रँड रॅपिड्स आणि कलामझू इथेही डच वस्ती वाढली. कलामझूचं सरकारी इस्पितळ १८५९ साली सुरू झालं. १९११मध्ये 'मिशिगन असायलम फॉर द इन्सेन' हे त्याचं नाव बदलून कलामझू स्टेट हॉस्पिटल झालं, त्यामुळे जुन्या-नव्या दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा. मिशिगनमध्ये मृत्यूंची नोंद १८६७पासून होते आणि १८९७पासून प्रत्येकाचा वेगळा दाखला असतो. त्यात मृत्यूच्या कारणाआधी दोन रकाने पाहा. पहिला, माहिती देणाऱ्याचा. तिथे 'इस्पितळाचं दप्तर' असं लिहिलेलं असलं, तर आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख यांवर विसंबू नका, कारण ती सांगणारं घरचं कुणी तिथे नव्हतं. दुसरा, संस्थेत किती काळ होता याचा. वर्षं, महिने, दिवस दिलेले असतील तर मृत्यूच्या तारखेतून वजा करा, भरतीची तारीख जवळपास नेमकी निघते. हा रकाना रिकामा असेल तर मागच्या-पुढच्या दोन जनगणनांच्या मधला काळ धरून चाला.

भरतीची तारीख हाती आली की प्रोबेट कोर्ट, म्हणजे वारसा, पालकत्व अशी प्रकरणं पाहणारं काउंटीचं कोर्ट. इथे एक चूक हमखास होते: माणूस कलामझूत वारला म्हणून लोक कलामझू काउंटीच्या कोर्टात शोधतात. मृत्यूची नोंद तिथे होते, पण इस्पितळात पाठवण्याचा हुकूम घरच्या काउंटीच्या कोर्टाने दिलेला असतो. हॉलंड गाव ओटावा काउंटीत येतं आणि तिचं मुख्य ठाणं ग्रँड हेवन, म्हणजे कागद तिकडे. त्या पुडक्यात नातेवाइकाचा अर्ज, डॉक्टरांची प्रमाणपत्रं, न्यायाधीशाचा हुकूम आणि खर्च कुटुंब करणार की काउंटी, याची नोंद असते. मला हे कागद इस्पितळाच्या फाइलपेक्षा मोलाचे वाटतात. त्रास कधीपासून सुरू झाला आणि घरच्यांना नेमकी कशाची भीती वाटली, हे त्यांच्याच तोंडून आलेलं असतं. त्याच्या नावावर जमीन असेल तर पालक नेमल्याचं वेगळं प्रकरण शोधा. त्यात गाई, नांगर, देणी-येणी अशी मालमत्तेची यादी असते आणि शेत कसं चाललं होतं ते कळतं.

जनगणनांमध्ये १८८०ची सगळ्यात उपयोगी. त्या वर्षी मुख्य तक्त्याबरोबर अपंग, निराधार आणि कैदी यांच्यासाठी वेगळे पुरवणी तक्ते भरले गेले. त्यातल्या मनोरुग्णांच्या पानावर आजाराचा प्रकार, सध्याचा झटका किती दिवसांचा, पहिला झटका कितव्या वर्षी, एकूण किती झटके, कोठडीत कुलूपबंद ठेवावं लागतं का, पट्टे किंवा बंदिस्त अंगरखा वापरतात का, आधी कुठल्या इस्पितळात होता का, आणि मूळ घर कुठल्या काउंटीत, एवढं सगळं विचारलं होतं. घरीच सांभाळलेल्या माणसांचीही नोंद त्यात आहे, म्हणून इस्पितळात नाव नसलं तरी हे पान बघाच. १८९०ची जनगणना आगीमुळे जवळजवळ पूर्ण गेली. १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना-साल आणि अमेरिकेत आल्याचं साल मिळतं. इस्पितळातल्या रुग्णांची माहिती गणनेवाल्यांनी बहुधा दप्तरातून उतरवून घेतली आहे, त्यामुळे जन्मस्थळापुढे नुसतं 'हॉलंड', म्हणजे देशाचंच नाव, असतं, तेही सुदैव असलं तर.

त्या 'हॉलंड'वरून गावापर्यंत पोचण्यात खरा वेळ जातो. १८४७ ते १८७७ या काळात डच प्रांतांनी देश सोडून जाणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या. नाव, वय, धंदा, धर्मपंथ, सांपत्तिक स्थिती, सोबतची बायकामुलं आणि जाण्याचं कारण असे रकाने त्यांत आहेत. इतिहासकार रॉबर्ट स्विरेंगा यांनी त्या एकत्र करून छापल्यामुळे काम पुष्कळ सोपं झालं आहे. यादीत नाव न नोंदवता निघून गेलेलेही बरेच होते. नाव नाही सापडलं तर चर्चच्या दप्तरात जा. डच कुटुंबं जुन्या गावच्या चर्चकडून सभासदत्वाचा दाखला घेऊन नव्या चर्चमध्ये दाखल होत, आणि तिथे आधीच्या गावाचं नाव येतं.

नावांनी मात्र दमछाक होते. खेरिटचा गॅरेट किंवा जॉर्ज होतो, क्लासचा निकोलस, आल्टयेची अ‍ॅलिस, डाइकस्ट्राचा डाइकस्ट्राच राहतो पण स्पेलिंग बदलतं. 'दे फ्रीस' हे आडनाव डच याद्यांत 'फ्रीस'खाली लावलेलं असतं आणि अमेरिकेत 'दे'खाली. बायकांचं नाव नेदरलँड्सच्या कागदांत मरेपर्यंत माहेरचंच राहतं आणि अमेरिकेत नवऱ्याचं. आणखी एक खाचखळगा: मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती. जन्मनोंद सापडली म्हणून थांबू नका, त्याच आईबापांच्या मुलांच्या मृत्यूनोंदीही तपासा. नाहीतर पाळण्यात गेलेल्या मुलाला तुम्ही अमेरिकेला पाठवाल.

गाव कळलं की पुढचा रस्ता मोकळा आहे. डच नागरी नोंदणी बहुतेक भागांत १८११पासून अखंड आहे आणि जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ७५ वर्षांनी, मृत्यूच्या ५० वर्षांनी सगळ्यांना खुल्या होतात. ओपन आर्काइव्हज आणि व्ही-वास-व्ही या संकेतस्थळांवर शोध फुकट घेता येतो. लग्नाच्या नोंदीवर समाधान मानू नका, तिला जोडलेली कागदपत्रं मागा. दोघांचे जन्माचे उतारे आणि हयात नसलेल्या आईवडिलांचे मृत्यूचे उतारे त्यात असतात. नवऱ्या मुलाचं सक्तीच्या लष्करी सेवेबद्दलचं प्रमाणपत्रही असतं आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर पुष्कळदा त्याचं वर्णन लिहिलेलं असतं: चेहरा, कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, केस, भुवया, अंगावरची खूण. उंची '१ एल ६ पाल्म ८ डाउम' अशी येते. तेव्हा मेट्रिक मापांना जुनीच नावं दिली होती. एल म्हणजे मीटर, पाल्म म्हणजे १० सेंटिमीटर, डाउम म्हणजे १ सेंटिमीटर. म्हणजे हा माणूस १ मीटर ६८ सेंटिमीटरचा. ज्याचा फोटो कधी निघालाच नाही अशा शेतमजुराचं हेच एकमेव चित्र, आणि ते धडधाकट विशीतलं. लग्न अमेरिकेत झालं असेल तर त्याच्या गावाची सैन्यभरतीची रजिस्टरं पाहा.

मागे राहिलेल्या भावंडांकडूनही धागा मिळतो. १८१८ ते १९२७च्या सुमारापर्यंत नेदरलँड्समध्ये कुणी वारलं की वारसाकराचं निवेदन भरावं लागे आणि त्यात सगळ्या वारसांची नावं, धंदे आणि राहण्याची ठिकाणं येत. परदेशी गेलेला भाऊ वारस असेल तर तो हयात आहे का, कुठे आहे आणि त्याच्या वतीने कोण सही करतं, हे तिथे दिसतं.

विसाव्या शतकात आलेल्यांसाठी कायद्यामुळे एक जादा कागद तयार झाला. सरकारी खर्चावर पडलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याची मुदत १८९१च्या कायद्यात उतरल्यापासून १ वर्ष होती. १९०३मध्ये ती २, १९०७मध्ये ३ आणि १९१७मध्ये ५ वर्षांवर गेली. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत बोटीचं नाव, बंदर आणि उतरल्याची तारीख काळजीपूर्वक विचारली जाई. प्रवासी यादीशी ती ताडून पाहा. १९०७पासूनच्या याद्यांत मायदेशी असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ताही आहे.

आजाराचं नाव वाचताना घाई करू नका. 'जनरल पॅरेसिस' म्हणजे मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस. नोगुची आणि मूर यांनी १९१३ साली त्याचे जंतू अशा रुग्णांच्या मेंदूत दाखवले. बाळंतपणानंतरचा उन्माद, अपस्मार, म्हातारपणचा विसराळूपणा या सगळ्यांना त्याच वॉर्डांत जागा मिळाली. 'संभाव्य कारण' या रकान्यात धार्मिक उत्तेजना, घरगुती कटकट, असं काहीही सापडतं. तो भरती करणाऱ्याचा अंदाज आहे, निदान नव्हे. याच कलामझूचे पहिले अधीक्षक एडविन व्हॅन ड्यूसेन यांनी १८६९ साली मज्जातंतूंच्या थकव्यावर लिहिलं आणि एकाकी शेतांवर राबणाऱ्या बायकांकडे बोट दाखवलं. 'असंबद्ध बोलतो' असा शेरा दिसला तर डॉक्टरला डच येत होतं का, हाही प्रश्न विचारा. कुटुंब कट्टर रिफॉर्म्ड असेल तर १९१०नंतरच्या काळासाठी ग्रँड रॅपिड्सजवळ कटलरव्हिलला त्याच समाजाने उभारलेल्या इस्पितळातही चौकशी करा. ते पुढे पाइन रेस्ट या नावाने ओळखलं गेलं.

दफनाचं ठिकाण दाखल्यावर असतं. तिथे विद्यापीठाचं नाव दिसलं तर दचकू नका. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याचे कायदे मिशिगनसह अनेक राज्यांत होते. संस्थेच्याच दफनभूमीत पुरलं असेल तर थडग्यावर पुष्कळदा नुसता आकडा असतो, आणि आकड्याचं नाव कळण्यासाठी दफनाचं रजिस्टर लागतं.

आता फाइल. केंद्रीय कायद्यातलं गोपनीयतेचं संरक्षण मृत्यूनंतर ५० वर्षांनी संपतं, पण राज्याचा कायदा त्याहून कडक असू शकतो आणि तोच लागू होतो. अर्ज राज्याच्या अभिलेखागाराकडे करा. सोबत मृत्यूचा दाखला, नात्याची साखळी दाखवणारे दाखले, नावाची सगळी स्पेलिंगं, जन्मसाल, घरची काउंटी आणि भरतीची तारीख जोडा. 'फाइल द्या' एवढंच लिहू नका. भरतीचं रजिस्टर, केसची वही, पत्रव्यवहार आणि दफनाचं रजिस्टर हे चार वेगवेगळे मागा, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात आणि एक बंद असलं तरी दुसरं मिळू शकतं. पत्रव्यवहार नाव घेऊन मागाच. रुग्णाने लिहिलेली आणि कधी टपालात न पडलेली पत्रं अशा फाइलींत निघाली आहेत. नकार आला तर तो लेखी घ्या, कुठल्या कलमाखाली तेही विचारा, आणि तो कागद घेऊन कोर्टाच्या हुकमासाठी अर्ज करता येईल का, हे तिथल्या वकिलाकडून समजून घ्या.