सात भोके

परवा दुपारी पेंटरचा फोन आला. गाडीचा पत्रा खरवडून झाला होता, प्रायमरचा पहिला हात द्यायचा होता आणि त्याआधी त्याला एकच गोष्ट विचारायची होती. "साहेब, पुढच्या डाव्या दरवाजावरची ती सात भोके बुजवू का? आत काहीतरी काळे, मेणासारखे भरले होते, ते काढून टाकलेय." प्रश्न सरळ होता. दरवाजावरची चकचकीत पट्टीच नसेल तर ती बसवायची भोके कशाला ठेवायची, असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल. शिवाय वेल्डिंगचे सात ठिपके देऊन ते घासून सपाट करायचे म्हणजे त्याच्या हाताला काहीच काम नव्हे. मी मात्र "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि उरलेली दुपार त्या सात भोकांत घालवली.

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की भेटेल तो माणूस आधी इंजिनाची चौकशी करतो. त्याला वाटते, खरी कसोटी तिथे असणार. प्रत्यक्षात इंजिन हा या उद्योगातला सर्वांत समजूतदार भाग असतो. बेअरिंग मापाने मिळते, पिस्टन रिंगा मापाने मिळतात, गॅस्केट पुठ्ठ्यासारख्या जाड कागदातून कापून घेता येते, आणि काहीच मिळाले नाही तर लेथवर बसलेला एखादा जाणता माणूस ते कातून देतो. झिजणे हा इंजिनाचा धर्म असल्यामुळे ते झिजणार हे कारखान्यालाही ठाऊक असते आणि त्यामुळे सुटे भाग वर्षानुवर्षे बनत राहतात. दरवाजावरची चकचकीत पट्टी, डिकीवरचे नाव, काचेच्या रबरात बसणारी बारीक बीडिंग, दिव्याभोवतीची कडी या वस्तू मात्र झिजाव्यात असे कोणाच्याच हिशेबात नसते. त्या बदलाव्यात असे असते. जनरल मोटर्सने १९२७ साली गाडीच्या रूपाकडे पाहणारा स्वतंत्र विभाग काढला, त्यावर हार्ली अर्ल या रचनाकाराला नेमले, आणि पुढे दरसाल रूप पालटायची अशी सवय लागली की खालचा सांगाडा तोच ठेवून वरचे दागिने तेवढे नवे करावेत. त्याच कंपनीच्या १९५८ च्या ब्यूक गाडीच्या पुढच्या जाळीत तर क्रोमचे १६० चौकोन होते. त्यांतला एक निखळला की त्या मालकाचे पुढचे आयुष्य कसे जात असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो आणि माझी एकच पट्टी हरवली आहे याबद्दल दैवाचे आभार मानतो.

गाडीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी कळवणार, की त्या सालच्या त्या मॉडेलला सहाच भोके होती आणि सातवे तुमच्या आधीच्या मालकाने पाडले असावे. या छंदातली माणसे प्रेमळ असतात, पण भोके मोजतात.

आधीचा मालक म्हणजे माझे काका. आम्हा मुलांत गाडी धुण्याची वाटणी ठरलेली होती. चाके थोरल्या चुलतभावाकडे, काचा ताईकडे आणि पट्ट्या माझ्याकडे, कारण मी सर्वांत बुटका होतो आणि जरासे वाकले की पट्टी बरोबर माझ्या नाकासमोर येत असे. तिच्यावर श्वास सोडायचा, धुके धरले की मऊ फडके फिरवायचे आणि मग त्यात आपले तोंड पाहायचे. पट्टी बाहेरून फुगीर असल्यामुळे तोंड आडवे पसरे, कपाळ नाहीसे होई आणि दोन्ही कान थेट दोन दरवाजांपर्यंत गेल्यासारखे वाटत. काका ओरडेपर्यंत मी तोंडे करीत राही. आरशात इतका रमल्याचे मला नंतर कधी आठवत नाही.

मग एका प्रवासात ती पट्टी वाजू लागली. आतली एखादी क्लिप तुटली असावी. काकांनी खिडकीतून सुतळी घेऊन ती बांधली, गाठ आमच्याकडून ओढून घट्ट करून घेतली आणि आम्ही पुढे निघालो. वाटेत कुठेतरी सुतळी कापली गेली. खडखड थांबली म्हणून सगळ्यांना बरेच वाटले होते. गाडी थांबवून उतरलो तेव्हा दरवाजा मोकळा होता आणि त्यावर सात काळे ठिपके एका रांगेत उभे होते. काकांनी गाडी वळवली. आम्ही दोन्ही खिडक्यांतून डोकी बाहेर काढून रस्त्याच्या कडा पाहत होतो आणि काका गाडी इतकी हळू चालवीत होते की सायकलवाले पुढे जात होते. मग उतरून गवतातून चालत शोधले. लांबून चमकणारी एक वस्तू दिसली म्हणून मी धावत गेलो, तर तो आरशाचा तुकडा निघाला. काकू शेवटी म्हणाली, "अहो, पट्टीशिवाय गाडी चालते ना?" काका म्हणाले, "चालते," आणि शोधत राहिले. अंधार पडला तेव्हा कुठे आम्ही गाडीत बसलो. त्यानंतर त्यांनी त्या भोकांत मेण भरले. नवी पट्टी येईपर्यंत, असे ते म्हणाले होते.

तेव्हा ती मिळाली असती की नाही कोण जाणे. आता शोधणे हा निराळाच व्यवहार आहे. पहिला घोळ डाव्या-उजव्याचा. डावा दरवाजा म्हणजे गाडीत बसलेल्याचा डावा. पण विकणारा बहुतेक वेळा गाडीसमोर उभा राहून, बॉनेटकडे पाहत बोलत असतो. मी चार महिने पत्रव्यवहार करून मिळवलेली पहिली पट्टी अशीच उजव्या दरवाजाची निघाली. पट्टी पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे ती उलटी करून बसवता येत नाही. उलटी धरली की तिचा गोलवा आत जातो, हे पाहण्यासाठी मी ती सबंध संध्याकाळ दरवाजावर वेगवेगळ्या बाजूंनी धरून पाहिली. आता माझ्याकडे उजव्या पुढच्या दरवाजाच्या दोन पट्ट्या आहेत. कोणाला हवी असल्यास आहे.

दुसरी पट्टी डावीच होती, निमुळतेपणही बरोबर होते, पण ती त्याच गाडीच्या दोन दारांच्या आवृत्तीची होती. दोन दारांच्या गाडीचा दरवाजा लांब असतो, म्हणून पट्टीही चांगली वीतभर लांब. लांब वस्तू कापता येते, हा विचार माझ्याही मनात आला. करवत हातात घेतलीही होती. त्या वेळी मला मॉरिस मायनर या छोट्या ब्रिटिश गाडीचा बंपर आठवला. १९४८ साली ती गाडी बाजारात यायच्या थोडेच आधी तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी चिरून दोन्ही भाग चार इंच दूर सरकवले आणि ती रुंदी त्यांना पसंत पडली. पण बंपर तोवर बनून तयार होते. मग ते मधोमध कापले आणि मध्ये पट्टीचा जोड देऊन लांब केले. सुरुवातीच्या मायनरांच्या तोंडावर तो जोड स्पष्ट दिसतो, आणि आज कोणी मायनर दुरुस्त करायला घेतली तर तो जोड मिळावा म्हणून जीव टाकतो. कारखान्याला जे चालले ते मला का चालू नये, असे म्हणून मी खूण केली. आणि मग जिला ही पट्टी पूर्ण लांबीची हवी आहे अशी दोन दारांची एखादी गाडी कुठेतरी भोके उघडी टाकून उभी असेल, हे मनात आले आणि करवत परत ठेवून दिली. यात उदारपणा नव्हता. माझी पट्टीही अशीच कोणाच्या तरी माळ्यावर, त्याच्या करवतीशेजारी पडलेली असेल, ही भीती होती.

हरवलेलीपेक्षा खराब झालेली वस्तू बरी, असे लोक म्हणतात. ते स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत खरे आहे. तिच्यावर मुलामा नसतो, आरपार एकच धातू असतो, म्हणून खळगा मागून लहान हातोडीने ठोकून उचलावा, वरून कानस आणि मग बारीक होत जाणारे पॉलिश पेपर फिरवावेत, शेवटी बफिंग करावे, की ती पुन्हा तोंड दाखवू लागते. माझ्या उरलेल्या तीन पट्ट्या मी अशाच घरी केल्या. जस्ताच्या ओतीव वस्तूंचे मात्र काही खरे नाही. डिकीवरची नावे, दिव्यांच्या बैठका, हँडल पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, आणि क्रोमखालून त्यांना देवीच्या व्रणांसारखे फोड येतात. ते फोड कोरून काढायचे, तांब्याने भरायचे, घासायचे, पुन्हा तांबे, मग निकेल, मग क्रोम. ज्याला आपण क्रोमची चमक म्हणतो ती बहुतेक निकेलची असते. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असतो आणि निकेलचा पिवळटपणा झाकून किंचित निळसर झाक देणे, ते काळवंडू न देणे, एवढेच त्याचे काम. इतके सगळे करून अक्षरे परत येतात तेव्हा त्यांच्या कडा झिजलेल्या असतात, जुन्या साबणावरच्या नावासारख्या.

इथे माझा एक हेका आहे आणि त्यावरून माझे मित्रांशी वाद झाले आहेत. गाडी ज्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडली त्याहून ती जास्त चमकू नये, असे मला वाटते. विसाच्या दशकाच्या आरंभीच्या गाड्यांना निकेलच असे, क्रोम नंतर आले. तरी त्या गाड्या निळसर झळाळीत नाहून प्रदर्शनात उभ्या असतात. याहून अवघड प्रश्न १९५२ सालच्या अमेरिकन गाड्यांचा. कोरियातल्या युद्धामुळे निकेलच्या वापरावर तेव्हा निर्बंध आले होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी निकेलविना क्रोम चढवून वर पारदर्शक लॅकर मारीत, आणि ते लवकरच गंजू लागे. आता अशी गाडी अगदी मूळ स्थितीत आणायची म्हणजे तिला जाणूनबुजून वाईट क्रोम द्यावे काय? माझ्या तत्त्वाप्रमाणे द्यावे. तशी गाडी माझ्याकडे नाही, हे माझ्या तत्त्वाचे भाग्य.

याच तत्त्वापायी मी नवीन बनवलेली नक्कल अजून घेतलेली नाही. एक पाहिली होती. लांबी बरोबर, भोकांचे अंतर बरोबर, डावी ती डावी. पण पाठ जरा जास्त सपाट होती. मी तिच्यावर श्वास सोडून फडके फिरवले आणि पाहिले, तर तोंड जेमतेमच पसरले, कपाळ जागेवर होते. विकणारा माझ्याकडे पाहत होता. त्याला काय सांगणार? घडी थोडी वेगळी वाटते, असे काहीतरी पुटपुटून मी ती परत दिली, आणि आजही ती त्याच्याकडेच असेल, कारण असा ग्राहक त्याला दुसरा मिळाला नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरला फोन केला आणि भोके राहू द्या, असे सांगितले.

"पट्टी मिळाली का, साहेब?"

"नाही."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "कडा गंजतील. पाणी जाईल."

मी म्हटले, रंग वाळला की कळवा, मी मेण घेऊन येतो.