डुकरांचा व्हायरस: नाव एकच, पण स्ट्रेन कुठला?

आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ला बाजूला बरीच घरं मागच्या परड्यात दोन-चार डुकरं पाळतात, आणि मर झाली की एक प्रश्न हमखास येतो, "लस टोचली होती मां, मगे डुकर कशाक मेलो?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे सहसा टोचतात ती क्लासिकल स्वाइन फिवरची लस. ती आफ्रिकन स्वाइन फिवरवर चालत नाही आणि पीआरआरएसवरही (डुकरांचा गाभडण्याचा आणि श्वासाचा रोग) नाही, तिन्ही व्हायरस मुळातच वेगळे. पण पीआरआरएसचं प्रकरण त्याहून अवघड, कारण तिथे एकाच रोगाच्या दोन स्ट्रेनमध्ये, म्हणजे व्हायरसच्या दोन उपप्रकारांमध्येसुद्धा प्रचंड अंतर असतं. या रोगात मादी शेवटच्या दिवसांत गाभडते, पिल्लं धापा टाकतात, काहींचे कान निळसर पडतात. युरोपातला प्रकार आणि अमेरिकेतला प्रकार साधारण एकाच काळात सापडले, आणि दोघांच्या जीनोममध्ये (म्हणजे व्हायरसच्या सगळ्या जनुकीय मजकुरात) जवळपास ४० टक्के फरक! जीनोम आरएनएचा, जेमतेम १५ हजार अक्षरांचा, कॉपी करताना चुका होतात आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोयच या व्हायरसकडे नाही, त्यात एकाच डुकरात दोन स्ट्रेन शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होतो. म्हणून एका स्ट्रेनवरची लस दुसऱ्यावर अर्धवटच चालते.

२००६ मध्ये चीनमध्ये याचाच एक भयंकर जहाल स्ट्रेन आला, मोठी डुकरंही पटापट मेली. २०१३ ला मिझोराममध्ये भारतातली पहिली साथ आली तेव्हा सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनोमची अक्षरं वाचल्यावर, तो व्हायरस या चिनी स्ट्रेनच्या जवळचा निघाला. ओआरएफ-५ नावाचा साधारण ६०० अक्षरांचा जीन वाचला तरी हे नातं बऱ्यापैकी कळतं, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण रोग कुठल्या वाटेने आला ते समजलं तर ती वाट बंद करता येते.

आफ्रिकन स्वाइन फिवरचं उलट आहे. तो डीएनए व्हायरस, जीनोम दहापटीहून मोठा, बदलतो हळू. २००७ ला जॉर्जियात शिरलेला 'जीनोटाइप दोन' हा प्रकार २०१८ ला चीनमध्ये आणि २०२० ला आसामात पोचला तरी फारसा बदलला नव्हता. २०२२ ला तो केरळात वायनाडपर्यंत आला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, आणि तो रानडुकरांनाही होतो, ती आपल्याकडे किती आहेत ते नाचणीवाल्या शेतकऱ्याला विचारा. (माणसाला यातला कुठलाच रोग होत नाही, तेवढी भीती नको.)

माझी तक्रार एकच आहे, सॅम्पल जातं, रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह येतं, तेही कधीकधी पाळणाऱ्यापर्यंत पोचत नाही. स्ट्रेन कुठला ते त्याला कळायलाच हवं, त्याची डुकरं गेलीत! तेव्हा एका पाठोपाठ दोन डुकरं मेली की गुपचूप पुरू नका, ओहोळात तर अजिबात टाकू नका, आणि स्वतः कापूनही बघू नका, रक्तातून सगळीकडे पसरतं. डॉक्टरला बोलवा, सॅम्पल त्यांनाच घेऊ दे, आणि ते भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबला जाणार असेल तर सिक्वेन्सिंग होणार का ते तिथेच उभं राहून विचारा.