रेडिओवाले सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे रेडिओवाले सर उभे राहिले. त्यांचं नाव इथे कुणाला सांगायला नको.

आठवीत त्यांनी आमच्याकडून क्रिस्टल सेट, म्हणजे एक अगदी साधा रेडिओ, करून घेतला. पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे वेढे, एक डायोड, स्टेशन लावायचा एक गँग, एक हेडफोन. ना बॅटरी, ना वीज. प्रयोगशाळेमागच्या चिंचेवर एरियलची तार चढवली, खाली अर्थिंगची सळई ठोकली. मार्चचे दिवस, जमीन भेगाळलेली. कानात काही येईना. सरांनी टेबलावरचा आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळा सळईच्या बुडाशी ओतला. "आता ऐक." सांगली केंद्राचा निवेदक खरोखर बोलू लागला! मधल्या सुट्टीपर्यंत सर घसा खाकरत तसेच शिकवत राहिले.

त्या तांब्यामुळेच मी रेडिओ इंजिनिअर झालो. इंग्लंडात नोकरी केली, एरियलचं काम पाहणाऱ्या विभागाचा प्रमुख होऊन निवृत्त झालो. इंग्लंडातली एक गोष्ट सरांना सांगायची फार इच्छा होती.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जर्मन फौजा इंग्लंडात उतरण्याची धास्ती होती. तेव्हा सैन्याने किनाऱ्यालगतच्या खेड्यांत साध्या माणसांचं गुप्त जाळं विणलं. शेतकरी, डॉक्टर, पाद्री, गृहिणी. गाव शत्रूच्या हाती गेलं तरी यांनी तिथेच राहायचं, काय दिसतं ते चिठ्ठीवर लिहून चिरलेल्या टेनिस चेंडूसारख्या वस्तूत लपवून ठेवायचं. ज्याच्या घरी वायरलेस, तो ते सैन्याला कळवणार. एके ठिकाणी तर सेट परसातल्या संडासाखाली होता. त्यावर सरळ बोलता येई, त्यामुळे मोर्सचं 'कट्ट-कडकट्ट' शिकायची गरज नव्हती. १९४४ पर्यंत अशी सुमारे सव्वाशे केंद्रं झाली.

मला सगळ्यात भावली ती एरियलची करामत. झाडाच्या सालीत चर पाडून त्यात तार बसवायची, वर प्लास्टर भरून सालीच्या रंगाने रंगवायचं. रस्त्याने जाणाऱ्याला दिसणार नुसतं झाड. सर असते तर उठून त्या सालीवरून हात फिरवून आले असते.

शत्रू आलाच नाही. जुलै १९४४ मध्ये सगळं मोडीत निघालं. पण त्या माणसांनी गुप्ततेची शपथ पाळली. कित्येकांनी नवऱ्याला किंवा बायकोलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे उघड होईपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि सरही गेले.

आपल्या प्रयोगशाळेत आता संगणक आले, चिंच तोडून तिथे सायकलतळ झाल्याचं कळलं. संगणक हवेतच. पण चिंचेचं वाईट वाटलं.

समारंभाला मी येतो आहे. आठवीच्या मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्या जमवून ठेवाव्यात. तार, डायोड, हेडफोन मी घेऊन येतो.